सात घरं आणि एक फ्लॅट

येत्या रविवारी आमच्याकडे मांजराचं पिल्लू येणार आहे.

झालं! हे एक वाक्य घरात उच्चारलं आणि तेव्हापासून आमच्या फ्रिजवर एक यादी लटकते आहे. लेकीने स्केचपेनने लिहिलेली, डॉक्टरांनी (म्हणजे प्राण्यांच्या) सांगितलेली, आणि रोज एखाद्या ओळीने वाढणारी. खिडक्यांना जाळी. मातीचा ट्रे. पिल्लाचं खाणं. फिनेल बंद. लिलीचे गुच्छ घरात आणायचे नाहीत. सुईदोरा उचलून ठेवायचा. लशींच्या तारखा. लपायला एक खोकं.

आईने चष्मा लावून यादी शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाली, "अगं, मांजर येतंय का जावई?"

तिचंही खरंच आहे. तिचं माहेर अचलपूरचं. तिथल्या धाब्याच्या मोठ्या घरात मांजर नव्हतं असा एक दिवस तिला आठवत नाही, आणि मांजरासाठी कोणी काही तयारी केली असाही एक दिवस आठवत नाही. मी लहानपणी आजीला विचारलं होतं, "आजी, हे मांजर तू पाळलंयस का गं?" तर आजी चुलीतली लाकडं मागे ओढत म्हणाली होती, "मांजर कोनी पायते का बाई? थे राह्यते आपलं."

म्हणजे पाळायचं ते कुत्रं, गाय, बैल. मांजर नुसतं राहतं.

गेले पंधरा दिवस रात्री सगळे झोपले की मी यादीतली एकेक ओळ घेऊन वाचत बसते. हे कुठून आलं, कधीपासून आलं, आजीला याची गरज का पडली नाही, असं सगळं. (नवरा म्हणतो, पिल्लू यायच्या आधीच तू निशाचर झालीस.) जे सापडलं ते तुम्हाला सांगते. मांजरवाल्यांना यातलं बरंच माहीत असेल, त्यांनी गोड मानून घ्या.

सुरुवात अगदी सुरुवातीपासून.

आजीचं "राह्यते आपलं" हे शास्त्रीयदृष्ट्या इतकं बरोबर निघेल असं मला वाटलं नव्हतं. भूमध्य समुद्रातल्या सायप्रस बेटावर शिलूरोकाम्बोस नावाच्या जागी उत्खननात एक कबर सापडली. साधारण साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची. त्यात एक माणूस आणि त्याच्यापासून अवघ्या चाळीस सेंटिमीटरवर वेगळ्या खड्ड्यात नीट पुरलेलं, आठेक महिन्यांचं मांजर. हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. सायप्रस बेटावर मूळची रानमांजरं नव्हतीच, म्हणजे हे मांजर किंवा त्याचे पूर्वज कोणीतरी होडीत घालून आणलेले. पुढे २००७ साली जगभरातल्या मांजरांची जनुकं तपासली गेली, तेव्हा घरोघरची सगळी मांजरं पश्चिम आशियातल्या रानमांजरांच्या वंशाची निघाली.

तिथेच का? तर तिथे माणूस शेती करायला लागला होता. धान्य पिकलं, साठलं. साठलं तिथे उंदीर आले. आणि उंदरांच्या मागे मांजर आलं. त्याला कोणी धरून आणलं नाही, दावं बांधलं नाही, जुंपलं नाही. त्यानेच पाहिलं की इथे सोय बरी आहे, आणि राहिलं. माणसानेही पाहिलं की हे धान्य खात नाही, उलट खाणाऱ्याला खातं. राहू दे.

आपल्याकडेही ते फार जुनं असावं. सिंधमधल्या चन्हूदडोच्या उत्खननात हडप्पा काळातली एक वीट मिळाली. ती ओली असताना तिच्यावरून आधी एक मांजर पळालं आणि मागोमाग कुत्रं. दोघांचेही पाय तिच्यावर उमटले, वीट भाजली गेली, आणि चार हजारांहून जास्त वर्षांनी कोणाच्या तरी हाती लागली. नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून कोणी गेलं की आमच्या घरात जो आरडाओरडा होतो, तो त्या वीटभट्टीवरही झाला असणार.

पण राहू दिलं म्हणून विश्वास ठेवला असं मात्र नाही. महाबलीपुरमला सातव्या शतकातलं ते प्रचंड मोठं शिल्प आहे ना, गंगावतरण किंवा अर्जुनाची तपश्चर्या म्हणतात ते, त्यात खाली एक मांजर आहे. पुढचे पाय वर करून तप करत उभं, आणि पायाशी उंदीर. ढोंगी तपस्व्याची गोष्ट. आपल्या म्हणीही अशाच. डोळे मिटून दूध पिणारं मांजर, आडवं जाणारं मांजर. घरात आहे, कामाचं आहे, पण आपलं म्हणावं की नाही ते नक्की नाही.

विलायतेत तर त्याच्या कामाचा चक्क पगार लावला होता. इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या कॅथीड्रलच्या हिशेबांत १३०५ ते १४६७ या काळात मांजरासाठी दर तिमाहीला तेरा पेनी, म्हणजे आठवड्याला एक पेनी, अशी नोंद सापडते. पुढे १५९८ साली तिथल्या बिशपनी एका दाराला खालच्या बाजूने मांजरासाठी गोल भोक पाडून घेतलं. ते दार आणि ते भोक आजही आहे. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "आमच्या कोठीच्या दाराची खालची फळी कुजली होती, ती बाबांनी कधी बदलू दिली नाही. मांजर जातं म्हणाले." आजोबा आणि बिशप, दोघांचा हिशोब एकच!

कोठी म्हणजे अचलपूरच्या घराचा जीव. ज्वारीच्या कणग्या, तुरीची पोती, ढोरांसाठी सरकी, आणि हंगामात एका खोलीत छतापर्यंत कापूस. रात्री तिथे उंदरांची शाळा भरायची. आणि या उंदरांची भीती नुसती धान्यापुरती नव्हती. आजी एक शब्द वापरायची, "उंदीर पडला." घरात उंदीर मरून पडला की गाव सोडायचं, शेतात झोपड्या बांधून राहायचं. ही तिने सासूकडून ऐकलेली प्लेगाची गोष्ट.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग सुरू झाला. पुढच्या वर्षी पुणं, चापेकर, रँड, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. पण तेव्हा प्लेग पसरतो कसा हेच नीट कळलेलं नव्हतं. १८९८ साली कराचीत काम करणाऱ्या पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं की उंदराच्या अंगावरची पिसू माणसाला प्लेग देते. ते लगेच कोणी मानलं नाही. १९०५ नंतर मुंबईत परळला प्लेग आयोगाने प्रयोग केले, तेव्हा कुठे ते पक्कं झालं.

आणि मग माझ्या वाचनात आले बुकॅनन साहेब. अँड्र्यू बुकॅनन, इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर, मुक्काम अमरावती! १९०८ साली त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहिला, विषय मांजर आणि प्लेग. ज्या गावांत मांजरं भरपूर तिथे प्लेग कमी असं त्यांचं निरीक्षण होतं, आणि त्यांचा साधा आग्रह होता की लोकांनी घरोघर मांजरं ठेवावीत. रात्री दीड वाजता हे वाचून मी आईला उठवणार होते. तिच्याच जिल्ह्यात बसून एक साहेब जगाला सांगत होता की मांजर ठेवा!

आता आपल्याला हेही माहीत आहे की मांजराला स्वतःला प्लेग होऊ शकतो आणि त्याच्याकडून माणसालाही. म्हणजे साहेबांचा उपाय काही रामबाण नव्हता. पण औषध हाताशी नसलेल्या त्या काळात मांजर म्हणजे घरातलं एक संरक्षण होतं, हे खरं. आजीच्या "राह्यते" या शब्दामागे एवढं सगळं होतं. ते राहायचं, कारण त्याला तिथे काम होतं.

आता आमच्या फ्लॅटकडे या. सहावा मजला. धान्य पाच-पाच किलोचं, प्लॅस्टिकच्या डब्यांत. उंदीर औषधालाही नाही. म्हणजे मांजराला इथे "राहायला" काही कारणच उरलेलं नाही. आणि यादीतल्या बहुतेक ओळी इथूनच सुरू होतात, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं. आजीच्या घरात जे आपोआप होतं, ते एकेक करून आम्हाला विकत आणावं लागतंय.

खाण्याचंच घ्या. आईचं ठाम मत होतं की मांजराला काय लागतं, दूध आणि कुस्करलेली भाकरी. डॉक्टर म्हणाले, गाईचं दूध पिल्लाला बाधतं, जुलाब होतात. दुधातली साखर पचवायची ताकद मांजर मोठं होता होता कमी होत जाते. मग अचलपूरची मांजरं दूधभाकरीवर धष्टपुष्ट कशी? तर ती दूधभाकरीवर नव्हतीच मुळी, ती उंदरांवर होती! दूधभाकरी हा आपला वरचा पाहुणचार. मांजराला टॉरिन नावाचा एक घटक मांसातूनच मिळवावा लागतो, स्वतःच्या शरीरात ते तो पुरेसा बनवू शकत नाही. १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी दाखवलं की टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय सैल आणि मोठं होत जातं. आणि ती मांजरं चक्क बाजारातलं तयार खाणं खाणारी होती. त्यानंतर कंपन्यांनी खाण्यात टॉरिन वाढवलं. आमचं स्वयंपाकघर शाकाहारी. तेव्हा आईशी तह झाला आहे: पिल्लाचं खाणं गॅलरीतल्या कपाटात, त्याची वाटी वेगळी, चमचा वेगळा, आणि कोणी कोणाला बाटवायचं नाही.

मग मातीचा ट्रे. अचलपूरला परसात राखेचा ढीग असायचा, आणि परस तर सगळा मातीचाच. अमेरिकेतही बाहेर जाता न येणाऱ्या मांजराला लोक वाळू, माती नाहीतर राखच द्यायचे. १९४७ सालच्या जानेवारीत मिशिगनमधल्या कासोपोलिस गावात एक शेजारीणबाई एड लो नावाच्या तरुणाकडे वाळू मागायला आली. तिची वाळू थंडीने गोठली होती, आणि राख वापरली तर मांजर काळे पाय घेऊन घरभर हिंडत होतं. लो नौदलातून परतून वडिलांच्या धंद्यात लागला होता. कारखान्यांत सांडलेलं तेल शोषून घ्यायला दाणेदार भाजकी माती विकली जायची, तीच त्याने तिला दिली. बाई खूश. मग त्याने पाच-पाच पौंडांच्या दहा पिशव्या भरल्या, वर 'किटी लिटर' लिहिलं आणि किंमत लावली पासष्ट सेंट. वाळू त्या मानाने फुकटच मिळायची, त्यामुळे दुकानदाराला वाटलं हे कोण घेणार? लो म्हणाला, आधी फुकट वाटा. पुढे त्याचा मोठा उद्योग झाला. ओली झाली की गोळा होणारी बेंटोनाइटची माती १९८० च्या दशकात आली. आम्ही परवा दुकानातून उचलून आणली ती हीच. माती विकत आणली म्हणून आई अजून हसते आहे.

पण गंमत बाजूला ठेवली तर मांजर चोवीस तास घरात राहू शकतं ते या मातीमुळे. सहाव्या मजल्यावर मांजर ही कल्पनाच तिच्याशिवाय शक्य नव्हती.

आणि सहावा मजला म्हटला की जाळी. "मांजर कधी पाठीवर पडतं का? चार पायांवर पडतं," असं आमच्या सोसायटीत मला तिघांनी ऐकवलं. पडतं खरंच. १८९४ साली एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांजर पडतानाची छायाचित्रं एकापाठोपाठ एक घेऊन ते हवेतल्या हवेत कसं वळतं ते दाखवलं होतं. पण पायांवर पडणं म्हणजे न लागणं नव्हे. न्यूयॉर्कच्या एका प्राणी रुग्णालयाने १९८७ साली खिडक्यांतून पडून आलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास मांडला. त्यातली सुमारे नव्वद टक्के वाचली. ऐकायला छान वाटतं, पण पडल्या जागी मेलेल्या मांजराला दवाखान्यात आणतं कोण? आणि वाचलेल्यांतही छातीला मार, फुटलेला जबडा, मोडलेले पाय. मी जाळीवाल्याला दुसऱ्याच दिवशी बोलावलं.

फिनेलचंही तसंच. अशा द्रव्यांचा आणि बऱ्याच औषधांचा निचरा करण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात कमी असते. ओल्या फरशीवरून चालायचं आणि मग पाय चाटायचे, की ते पोटात. आपली साधी तापाची पॅरासिटामॉल गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते. लिलीचं तर पान, फूल, फुलदाणीतलं पाणी, सगळंच मूत्रपिंडांना विषारी. डांबराच्या गोळ्याही गेल्या. आजीच्या घरी शेणाने सारवलेली जमीन होती, तिथे हा प्रश्नच आला नाही.

आता यादीतली शेवटून दुसरी ओळ: पाचव्या-सहाव्या महिन्यात नसबंदी. इथे मला थांबावं लागतं.

आपल्याकडे म्हणतात, मांजर पिल्लांना सात घरं दाखवते. तोंडात धरून एकेकाला हलवत राहते. माझ्या नवव्या वर्षी, मे महिन्याच्या सुट्टीत, अचलपूरच्या मांजरीने कापसाच्या खोलीत तीन पिल्लं घातली होती. मी रोज तिथे जाऊन बसायचे. पिल्लं पळायला लागली तशी घरात कुरबूर सुरू झाली. आधीचीच चार मांजरं होती, त्यात ही तीन.

एका सकाळी आजोबांनी पिल्लांना पोत्यात घातलं. सायकलच्या मागच्या कॅरिअरवर मला बसवलं आणि पोत्याचं तोंड माझ्या हातात दिलं. "घट्ट धर." मी घट्ट धरलं. नदीपलीकडे धान्याच्या बाजारापाशी आजोबांनी सायकल थांबवली. पोतं उघडलं. तिघं बाहेर आली आणि तिथेच एकमेकांना चिकटून बसली. आम्ही परत आलो.

आजोबा दुष्ट नव्हते हो. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला वाहावं लागतं यावर त्यांचा पक्का विश्वास होता. ते मुंगीवरसुद्धा पाय देत नसत. बाजारात धान्य आहे, उंदीर आहेत, जगतील, असा त्यांचा हिशोब होता. आणि त्यांच्यापुढे दुसरा काही मार्गही नव्हता. "राह्यते आपलं" या शब्दांची ही दुसरी बाजू. जे आपोआप राहतं, त्याची जबाबदारीही कोणाची नसते. काम आहे तोवर राहावं, जास्त झालं की पोतं.

मांजर तीन-चार दिवस घरभर ओरडत फिरली. कापसाच्या खोलीत, कोठीत, धाब्यावर. सात घरं दाखवायची तिची तेवढी राहिली होती. माझ्या तळहाताला पोत्याच्या सुतळीचा वळ होता, तो मी कोणाला दाखवला नाही.

आता कळतंय की ही यादी मला जाच का वाटली नाही. बुकॅनन साहेबांचं मांजर कामाचं होतं, एक्सेटरचं पगारी होतं. रविवारी येणाऱ्या पिल्लाला आमच्याकडे काहीही काम नाही. दहाएक हजार वर्षांची ती देवाणघेवाण आमच्या दारात संपली. आता ते राहील ते आम्ही ठेवलं म्हणून. मग त्याचं खाणं, त्याची माती, जाळी, लस, सगळं आमच्याच अंगावर, आणि ते तसंच असायला हवं.

पार्किंगमधल्या त्या मांजरीला दोन पिल्लं आहेत. एक आमच्याकडे येणार, दुसरं बी विंगमध्ये. दोघं स्वतःचं स्वतः खायला लागेपर्यंत थांबलो, आणि मांजरीची नसबंदी सोसायटीतल्या चौघींनी मिळून वर्गणी काढून ठरवली आहे. ती दोन दिवस शोधेल का? डॉक्टर म्हणाले, शोधेल कदाचित. हे मात्र यादीत कुठेही बसत नाही.

काल रात्री पाणी प्यायला उठले तर फ्रिजवरच्या यादीत तळाशी एक नवीन ओळ दिसली. स्केचपेन नव्हे, बॉलपेन. आईचं अक्षर.

"आणताना टोपलीत आणा. पोतं नको."

मी तिला ती गोष्ट कधी सांगितली नव्हती. पण घर तिचंच होतं, आणि मांजरीचं ओरडणं तिनेही ऐकलं असणार.

असो. टोपली माळ्यावर आहे, उद्या काढून धुवायची. नावावरून घरात अजून मारामारी चालू आहे, काही सुचलं तर जरूर कळवा. :)